उरलेल्या चार सत्रांचा हिशेब : अमेरिकेतील दोन लहान महाविद्यालयांपैकी एकाची निवड

अमेरिकेत पदवीचे शिक्षण चालू असताना एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यात प्रवेश घेणे, म्हणजे ‘ट्रान्स्फर’ होणे, ही तेथील शिक्षणव्यवस्थेने मान्य केलेली आणि नित्याची वाट आहे. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या व तुलनेने कमी शुल्काच्या द्विवर्षीय महाविद्यालयात, पहिली दोन वर्षे पूर्ण करून चार वर्षांच्या महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी या वाटेने जातात. मोठ्या विद्यापीठातील शेकडोंच्या वर्गात मन न रमलेले, मुख्य विषय बदलू पाहणारे, घरची आर्थिक स्थिती पालटल्यामुळे नवा मार्ग शोधणारे, तसेच पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत एकदोन वर्षे काढून अमेरिकेत जाऊ इच्छिणारे विद्यार्थीही याच वाटेने जातात. सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या वर्षासाठी अशा विद्यार्थ्यांचे अर्ज बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत घेतले जातात आणि निकाल मे महिन्याच्या आसपास लागतात, त्यामुळे हातात दोन महाविद्यालयांची प्रवेशपत्रे आली तर त्यांतील एक निवडण्यासाठी थोडेच आठवडे उरतात. दोन्ही महाविद्यालये लहान असली की हा निर्णय अधिक नाजूक होतो.

लहान महाविद्यालय म्हणजे येथे साधारण एक ते तीन हजार विद्यार्थ्यांचे, बहुतांशी निवासी, खासगी पण नफ्यासाठी न चालणारे आणि जवळजवळ केवळ पदवीच्या शिक्षणासाठी असलेले महाविद्यालय अभिप्रेत आहे. अमेरिकेत त्याला लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात आणि त्यात इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य यांच्या बरोबरीने गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र व संगणकशास्त्रही शिकवले जाते. पदव्युत्तर विद्यार्थी जवळपास नसल्याने वर्ग प्राध्यापक स्वतः घेतात आणि प्रयोगशाळेतील संशोधनात मदतनीस म्हणून पदवीच्याच विद्यार्थ्यांना संधी मिळते. आयोवातील ग्रिनेल, ओरेगनमधील रीड, मिनेसोटातील नॉर्थफील्ड या एकाच गावात असलेली कार्लटन आणि सेंट ओलाफ ही या प्रकारची महाविद्यालये होत. महाराष्ट्रातील कुटुंबांना ही नावे सहसा परिचित नसतात आणि ‘हे कॉलेज कुणी ऐकलेले नाही’ या शंकेपायी चांगला पर्याय बाजूला पडतो, हे खेदाचे आहे. कारण महाराष्ट्राला कर्मभूमी मानणाऱ्या गेल ऑम्व्हेट यांचे पदवीचे शिक्षण कार्लटनमध्ये झाले, आंबेडकरी चळवळीच्या इतिहासकार एलिनॉर झेलियट यांनी तेथेच अनेक वर्षे अध्यापन केले आणि अशा लहान महाविद्यालयांच्या ‘असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट’ या संघाचा भारत-अभ्यासाचा उपक्रम दीर्घकाळ पुण्यात चालत असे.

निवडीचा विचार करताना प्रथम वर्षात येणारा आणि मध्येच येणारा विद्यार्थी यांच्यातील मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. प्रथम वर्षात येणाऱ्याच्या हाती आठ सत्रे असतात; एखादा विषय चुकला, एखादा प्राध्यापक रजेवर गेला, पहिल्या वर्षी मित्र मिळाले नाहीत, तरी पुढे सावरण्यास अवधी असतो. दोन वर्षे संपवून येणाऱ्याजवळ केवळ चार सत्रे उरलेली असतात आणि त्यांपैकी पहिले नव्या जागेची माहिती करून घेण्यात व शेवटचे पुढील नोकरीच्या किंवा उच्चशिक्षणाच्या तयारीत बरेचसे खर्च होते. म्हणून दोन महाविद्यालयांत एकंदर चांगले कोणते, हा प्रश्न त्याच्यासाठी दुय्यम ठरतो. त्याच्या नेमक्या विषयात, त्याच्या नेमक्या श्रेयांकांसह, येत्या चार सत्रांत कोठे काय शिकता येईल, याचे उत्तर त्याला हवे असते. क्रमवारीच्या याद्या या प्रश्नाला काहीही उत्तर देत नाहीत, कारण त्या प्रामुख्याने प्रथम वर्षात येणाऱ्यांच्या आणि सबंध संस्थेच्या सरासरीवर आधारलेल्या असतात.

सर्वांत आधी श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा, हिशेब मांडावा. श्रेयांक हे एखाद्या कोर्सच्या अध्ययनभाराचे माप असून अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत पदवीसाठी सुमारे १२० श्रेयांक लागतात. परंतु हे माप सर्वत्र सारखे नसते. ग्रिनेलमध्ये पदवीसाठी १२४ श्रेयांक लागतात, तर कार्लटनमध्ये वर्षात दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रे असतात, एक नेहमीचा कोर्स सहा श्रेयांकांचा धरला जातो आणि पदवीसाठी २१० श्रेयांक लागतात. त्यामुळे जुन्या महाविद्यालयातील ६० श्रेयांक नव्या ठिकाणी रूपांतरित होतात तेव्हा केवळ आकडा पाहून तुलना करता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की श्रेयांक ‘स्वीकारले जाणे’ आणि ते पदवीच्या विशिष्ट अटीत ‘लागू होणे’ या दोन निराळ्या बाबी आहेत. समजा, एका महाविद्यालयाने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे ५६ श्रेयांक स्वीकारले, पण त्यांतील बहुतेक ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदवले आणि सांख्यिकी व सूक्ष्म अर्थशास्त्र पुन्हा घ्यावयास लावले. दुसऱ्याने ४८ च स्वीकारले, पण हे दोन्ही कोर्स मुख्य विषयात धरले. अशा वेळी कमी श्रेयांक देणारे दुसरे महाविद्यालयच पदवी वेळेत पूर्ण करू देण्याचा संभव अधिक असतो, कारण मुख्य विषयातील वरचे कोर्स ज्या प्राथमिक कोर्सांवर अवलंबून असतात ते तेथे आधीच मार्गी लागलेले असतात.

याच्या जोडीला ‘निवासाची अट’ पाहावी लागते. तिचा वसतिगृहाशी संबंध नाही. पदवीसाठीचे किती शिक्षण त्याच महाविद्यालयात पूर्ण केले पाहिजे, याचा तो नियम असतो आणि तो बहुधा निम्म्या श्रेयांकांचा किंवा शेवटच्या दोन वर्षांचा असतो. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर येणाऱ्या विद्यार्थ्याला या एका नियमामुळे एक सत्र जास्त काढावे लागू शकते. जुन्या ठिकाणचे गुण बहुतेक महाविद्यालये नव्या सरासरीत धरत नाहीत आणि साधारणपणे ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी असलेलेच कोर्स स्वीकारतात. या सर्वांचे कोर्सवार लेखी मूल्यमापन अनामत रक्कम भरण्यापूर्वी हाती आले पाहिजे. ते रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून, मिळते आणि मुख्य विषयाबाबतचा निर्णय त्या विभागाचा प्रमुख घेतो. प्रवेश विभागातील अधिकाऱ्याने तोंडी दिलेले आश्वासन कितीही मनापासून दिलेले असले, तरी या बाबतीत ते पुरेसे नसते. एका महाविद्यालयाने लेखी मूल्यमापन वेळेत दिले आणि दुसरे ‘आल्यावर पाहू’ असे म्हणत राहिले, तर हा फरकही निवडीत निःसंकोचपणे धरावा.

भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला येथे अधिक तयारी करावी लागते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे अधिकृत गुणपत्रक तर लागतेच, शिवाय प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासिकांची संख्या, प्रात्यक्षिकांचा भार आणि वापरलेली पुस्तके यांची नोंदही लागते, कारण ‘पेपर दोन’ किंवा ‘विशेष स्तर’ अशा नावांवरून अमेरिकेतील प्राध्यापकाला आशय कळत नाही. अनेक महाविद्यालये परदेशी गुणपत्रकांचे मूल्यमापन करणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अहवालही मागतात. विद्यापीठातून कागद मिळण्यास लागणारा वेळ गृहीत धरून ही कामे अर्ज करण्याच्या आधीच सुरू करावीत.

पदवीच्या सर्वसाधारण अटींच्या बाबतीत दोन लहान महाविद्यालयांत टोकाचे अंतर असू शकते. अॅनापोलिस व सांता फे येथील सेंट जॉन्स कॉलेजात सर्व विद्यार्थी अभिजात ग्रंथांवर आधारलेला एकच चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करतात, म्हणून तेथे पूर्वीचे श्रेयांक धरलेच जात नाहीत आणि दोन वर्षे शिकून आलेलाही पहिल्या वर्षापासून आरंभ करतो. हे ठाऊक असून तेथे जाणारे विद्यार्थी असतात आणि त्यांची निवड चुकीची म्हणता येणार नाही, पण त्यांनी चार वर्षांच्या खर्चाची तयारी ठेवलेली असते. याउलट ग्रिनेलमध्ये मुख्य विषयाबाहेर सर्वांना सक्तीचा असा पहिल्या वर्षाचा एकच कोर्स असतो आणि बाकीची आखणी सल्लागार प्राध्यापकाच्या मदतीने विद्यार्थी करतो. रीडमध्ये तिसऱ्या वर्षी मुख्य विषयाची पात्रता परीक्षा आणि चौथ्या वर्षी प्रत्येकाला वर्षभराचा प्रबंध सक्तीचा आहे; प्रबंधासाठी मार्गदर्शक शोधायचा तर त्या विभागातील प्राध्यापकांशी आधी परिचय हवा, आणि तिसऱ्या वर्षी येणाऱ्याला त्यासाठी फारच थोडा वेळ मिळतो. कोलोरॅडो कॉलेजात व आयोवातील कॉर्नेल कॉलेजात एका वेळी एकच कोर्स साडेतीन आठवडे शिकवला जातो. ही पद्धत कोणाला विलक्षण मानवते, तर भाषा किंवा गणित सावकाश मुरवून शिकणाऱ्याला ती जड जाते.

लहान महाविद्यालयाच्या लहानपणाचा खरा परिणाम मात्र विभागाच्या वेळापत्रकात दिसतो आणि निवडीच्या वेळी नेमकी हीच गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. ज्या विभागात तीन किंवा चारच प्राध्यापक असतात तेथे वरच्या पातळीचे कोर्स दरवर्षी देणे शक्य नसते. ते एक वर्षाआड दिले जातात. त्यातच प्राध्यापकांना काही वर्षांनी अध्ययन रजा मिळते, म्हणजे संशोधनासाठी एक सत्र किंवा वर्षभर अध्यापनातून सुटी मिळते, आणि त्या काळात त्यांचा कोर्स बंद राहतो किंवा तात्पुरत्या नियुक्तीवरील अध्यापक तो घेतो. चार वर्षे राहणाऱ्याला एक वर्षाआडचा कोर्स दोनदा भेटतो. दोन वर्षांसाठी येणाऱ्याला तो एकदाच भेटतो, आणि त्या सत्रात त्याची पूर्वअट पूर्ण झालेली नसेल तर अजिबात भेटत नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय रसायनाची दोन सत्रांची मालिका अनेक ठिकाणी केवळ शरद ऋतूत सुरू होते, त्यामुळे जानेवारीत आलेल्या विद्यार्थ्याचे सबंध वर्ष मागे पडू शकते. जपानी किंवा रशियनसारख्या भाषेत तर तिसऱ्या पातळीचा वर्ग पुरेसे विद्यार्थी नसल्यास उघडतच नाही.

यावर उपाय मेहनतीचा आहे, पण अवघड नाही. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत छापलेल्या कोर्सांची यादी बाजूला ठेवून मागील चार वर्षांत प्रत्येक सत्रात प्रत्यक्षात कोणते कोर्स दिले गेले, ते शोधावे. बहुतेक महाविद्यालयांचे जुने वेळापत्रक संकेतस्थळावर उघडपणे पाहता येते. माहितीपुस्तिका विभागाची आकांक्षा सांगते आणि वेळापत्रक त्याची ताकद. त्यानंतर दोन्ही महाविद्यालयांसाठी चार सत्रांचा कच्चा आराखडा कागदावर मांडून तो विभागप्रमुखाला पाठवावा आणि पुढील दोन वर्षांत कोण रजेवर आहे, कोण निवृत्त होत आहे, कायम नेमणुकीवरील प्राध्यापक किती आहेत, हे नम्रपणे विचारावे. लहान महाविद्यालयातील प्राध्यापक अशा पत्रांना सहसा उत्तर देतात. आराखड्यातील अडचण स्वतःहून दाखवून पर्याय सुचवणारा प्राध्यापक आढळला, तर पुढील दोन वर्षांतील मार्गदर्शनाचा तो सर्वांत विश्वसनीय पुरावा मानण्यास हरकत नाही. उच्चशिक्षणासाठी शिफारसपत्र लिहिणाराही बहुधा तोच असेल.

विभाग लहान असला, तरी शेजारची महाविद्यालये त्याची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. मॅसॅच्युसेट्समधील अॅम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक व हॅम्पशायर या महाविद्यालयांनी तेथील राज्य विद्यापीठासह संघ उभारला, कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथे पाच महाविद्यालये एकमेकांना खेटून उभी आहेत आणि फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर, हॅवरफोर्ड व स्वार्थमोर यांचे असेच सहकार्य आहे. एका महाविद्यालयातील विद्यार्थ्याला दुसऱ्यातील कोर्स घेता येतो. संघातील आणि एकाकी महाविद्यालय यांची तुलना करताना हा लाभ मोठा आहे. मात्र वेळापत्रके जुळतात का आणि असे कोर्स मुख्य विषयात धरले जातात का, याची खातरजमा येथेही करावी.

खर्चाच्या बाबतीत जाहीर शुल्काचा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. आघाडीच्या खासगी महाविद्यालयांत राहण्याजेवणासह वर्षाचा जाहीर खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे, परंतु आर्थिक साहाय्य वजा जाता प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम घरोघरी निराळी असते. मध्येच येणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात : साहाय्यातील किती भाग परत न करावयाचे अनुदान आहे आणि किती कर्ज, ते दुसऱ्या वर्षीही मिळणार का व कोणत्या अटीवर, आणि एक सत्र जास्त लागल्यास ते चालू राहील का. काही महाविद्यालये साहाय्यासाठी एकूण आठ सत्रांची मर्यादा घालतात आणि जुन्या ठिकाणची सत्रेही त्यात मोजतात. प्रथम वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांना उदार हाताने मदत करणारी अनेक महाविद्यालये मध्येच येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना फारच थोडी मदत देतात किंवा देतच नाहीत. कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांसाठी काही ठिकाणी राखीव शिष्यवृत्त्या असतात, त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी. वर्षाला तीन हजार डॉलरने स्वस्त असलेले महाविद्यालय एका जादा सत्रामुळे महाग ठरू शकते, म्हणून तुलना वर्षाच्या खर्चाची न करता पदवी हाती पडेपर्यंतच्या खर्चाची करावी.

संस्थेची आर्थिक स्थिती हा विषय एके काळी विद्यार्थ्याच्या विचारात येत नसे; आता तो टाळता येणार नाही. मॅसॅच्युसेट्समधील माउंट आयडा कॉलेजने एप्रिल २०१८ मध्ये बंद होण्याची घोषणा केली आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना काही आठवड्यांत दुसरी जागा शोधावी लागली. व्हर्मॉन्टमधील ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये बंद झाले. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या न्यू यॉर्क राज्यातील वेल्स कॉलेजने एप्रिल २०२४ मध्ये घोषणा करून ते सत्र संपताच दारे लावली आणि त्याच वर्षी अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजही बंद पडले. घोषणेनंतर वाचलेलेही उदाहरण आहे : व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर कॉलेज बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा माजी विद्यार्थिनींनी निधी उभारून व कायद्याची लढाई लढून ते चालू ठेवले. एकदा महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्याला पुन्हा बदलावे लागले, तर श्रेयांकांची दुसऱ्यांदा गळती होते, म्हणून या बाबतीत त्याने इतरांपेक्षा अधिक सावध राहिले पाहिजे.

सुदैवाने याची माहिती सार्वजनिक असते. अमेरिकेचा केंद्रीय शिक्षण विभाग खासगी महाविद्यालयांच्या आर्थिक स्थैर्याचा उणे १ ते ३ या मापावरील गुणांक प्रसिद्ध करतो, १.५ किंवा त्याहून अधिक गुणांक असलेली संस्था आर्थिकदृष्ट्या जबाबदार मानली जाते. त्याबरोबरच प्रथम वर्षातील प्रवेश पाचसहा वर्षांत सातत्याने घटत आहेत का, स्थायी निधी, म्हणजे ज्याच्या उत्पन्नावर संस्था चालते तो गुंतवलेला निधी, विद्यार्थिसंख्येच्या मानाने किती आहे, अलीकडे विभाग बंद करण्यात आले आहेत का आणि अधिस्वीकृती देणाऱ्या मंडळाने काही इशारा दिला आहे का, हे पाहावे. अधिस्वीकृती म्हणजे संस्थेच्या दर्जाला मान्यताप्राप्त बाह्य मंडळाने दिलेली मान्यता. तिच्याविना केंद्रीय आर्थिक साहाय्य मिळत नाही. एका वर्षाचा तोटा घाबरण्यासारखा नसतो, परंतु घटते प्रवेश, तुटपुंजा निधी आणि मंडळाचा इशारा ही तिन्ही चिन्हे एकत्र दिसली, तर शिष्यवृत्ती कितीही मोठी असली तरी दुसरे महाविद्यालय निवडणे शहाणपणाचे होय.

विद्यार्थिजीवनाविषयीही आकडे उपयोगी पडतात. बहुतेक महाविद्यालये ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे ठरावीक साच्याचे माहितीपत्रक दरवर्षी प्रसिद्ध करतात आणि त्याच्या ‘डी’ विभागात मध्येच येणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी अर्ज केले, किती जणांना प्रवेश मिळाला व किती प्रत्यक्ष आले, हे दिलेले असते. ज्या महाविद्यालयात वर्षाला असे पाचच विद्यार्थी येतात, तेथे त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था असण्याचा संभव कमी असतो आणि पहिल्याच वर्षी घट्ट झालेल्या मित्रमंडळांत एकट्याने शिरावे लागते. पन्नास-साठ विद्यार्थी येत असतील तर त्यांचा स्वतःचा गट आपोआप बनतो. वसतिगृहात जागा निश्चित मिळते का आणि ती समवयस्कांमध्ये मिळते की प्रथम वर्षाच्या मुलांमध्ये, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी पहिल्या सत्रातील एकटेपणाशी त्याचा थेट संबंध असतो. शक्य असल्यास सत्र चालू असताना दोन्ही ठिकाणी एक रात्र राहून यावे; भारतात असलेल्या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी मध्येच आलेल्या दोघातिघांशी दूरध्वनीवर बोलून घ्यावे आणि त्यांना तेथे काय आवडले याऐवजी कोणता कोर्स मिळाला नाही, कोणाकडे दाद मागावी लागली, हे विचारावे.

एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकत असलेल्या विद्यार्थ्याला निर्णयानंतर एक कायदेशीर पायरी ओलांडावी लागते. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘सेव्हिस’ या केंद्रीय संगणकप्रणालीतील त्याची नोंद जुने महाविद्यालय ठरलेल्या तारखेला नव्याकडे सोपवते आणि मगच नवे महाविद्यालय आय-२० हे पात्रतापत्र देऊ शकते. ती तारीख उलटली, की नोंदीवरील जुन्या महाविद्यालयाचा अधिकार संपतो, म्हणून दोन महाविद्यालयांबाबत मन पुरते ठरण्यापूर्वी ही तारीख निश्चित करू नये. आणि जुन्या ठिकाणचे शिक्षण व नव्या ठिकाणचा आरंभ यांत पाच महिन्यांहून अधिक अंतर पडू देऊ नये.

प्रवेश पक्का झाल्यावर लगेच कोर्सनोंदणीची तारीख विचारावी. आधीपासूनचे विद्यार्थी शरद सत्राची नोंदणी सहसा एप्रिलमध्येच उरकतात आणि उन्हाळ्यात येणाऱ्यासाठी लहान वर्गांतील जागा शिल्लक नसतात. विभागप्रमुखाला आधी पाठवलेला चार सत्रांचा आराखडा येथे उपयोगी पडतो, कारण मुख्य विषयासाठी अनिवार्य असलेल्या कोर्समध्ये एखादी जागा राखून ठेवण्याचा किंवा वर्गाची मर्यादा एकाने वाढवण्याचा अधिकार बहुतेक लहान महाविद्यालयांत प्राध्यापकाच्या हाती असतो, आणि मे महिन्यात पाठवलेल्या विनंतीला ऑगस्टमधील विनंतीपेक्षा होकार मिळण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो.